औषधाची जाहिरात पाठ फिरवून ऐका

बाबांकडे एक दोनशे पानी वही असते. तासगावला शाळेत शिकवत होते तेव्हापासूनची सवय. इकडे न्यू जर्सीला आमच्याकडे आले की त्या वहीत बसचे नंबर, भाज्यांचे भाव, नातवाच्या सुट्ट्या असं सगळं उतरतं. २०२३ च्या जूनमध्ये त्यात एका गोळीचं नाव आलं. देवनागरीत लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेल्या. संध्याकाळी साडेसहाच्या बातम्यांच्या मध्ये रोज लागणारी जाहिरात त्यांनी नीट बघून लिहून घेतली होती. "बाळा, ही मधुमेहाची गोळी हृदयालाही चांगली म्हणतात. मला चालेल का गं?"

मी फार्मासिस्ट आहे. दिवसभर काउंटरवर लोकांना गोळ्या समजावून सांगणं हेच माझं काम. पण त्या रात्री नऊला दुकान बंद करून दमून आले होते, "बघू बाबा" म्हणाले आणि ताट वाढून घेतलं. चार दिवसांनी बाबा जावयांबरोबर डॉक्टरांकडे गेले, वहीतलं नाव दाखवलं आणि येताना त्याच गोळीची नमुन्याची दोन पाकिटं घेऊन आले. २९ जूनला आषाढी एकादशी होती. बाबांचा उपवास कडक. दिवसभरात एक राजगिऱ्याचा लाडू आणि कपभर दूध. सकाळी नेहमीची गोळी घेतली, नवीही घेतली. दुपारी चारला आईचा फोन आला, "अगं, यांना दरदरून घाम सुटलाय, बोलताना अडखळतायत." साखर ५४ होती. आईने साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत मोजायला लावली, मग ते सावरले.

रात्री मी ती जाहिरात पुन्हा लावली. धोका त्यात सांगितलेला होता. सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिनसोबत ही गोळी घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते, असं स्वच्छ इंग्रजी वाक्य होतं. ते वाक्य चालू असताना पडद्यावर एक आजोबा नातीला पतंग उडवायला शिकवत होते. आणि बाबांच्या नेहमीच्या गोळीच्या पट्टीवर 'सल्फोनिलयुरिया' हा शब्द कुठेच नव्हता, तिथे लिहिलं होतं ग्लिमेपिराइड. ग्लिमेपिराइड ही सल्फोनिलयुरिया गटातलीच गोळी, हे बाबांना कळावं कसं? ते सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. लेकीकडे, लेकाकडे सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या आईबाबांसाठी, आणि त्यांच्या मुलांसाठी तर जास्तच.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाची अशी थेट जाहिरात, म्हणजे नाव घेऊन आणि अमुक आजारावर घ्या असं सांगून, अमेरिका आणि न्यूझीलंड या दोनच देशांत चालते. आपल्याकडे शेड्यूल एच मधल्या औषधांची, म्हणजे पट्टीवर लाल रेघ असलेल्यांची, लोकांसाठी अशी जाहिरात करता येत नाही. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांवरचा कायदा आहे, तो तर मधुमेहासकट कितीतरी आजार बरे करण्याच्या जाहिरातींनाच मनाई करतो. त्यामुळे आपल्या आईबाबांची नजर या जाहिरातींना सरावलेली नसते. ज्या माणसाने सत्तर वर्षांत टीव्हीवर बाम आणि च्यवनप्राशच पाहिलं, त्याला वाटतं की इतक्या मोठ्या औषधाची जाहिरात लागते म्हणजे सरकारने ती तपासूनच सोडली असणार.

तसं नसतं. औषध बाजारात यायला एफडीएची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या औषध तपासणाऱ्या खात्याची, परवानगी लागते. जाहिरात मात्र कंपनी दाखवायला सुरुवात करते तेव्हाच एफडीएकडे पाठवते. आधी मंजुरी घेण्याची सक्ती सहसा नसते. चूक सापडली तर पत्र जातं, तोवर जाहिरात महिनोन् महिने घरोघर पोहोचलेली असते. याझ या गर्भनिरोधक गोळीच्या जाहिरातींबद्दल २००८ मध्ये एफडीएने ताकीद दिली. त्या जाहिराती पाहून गोळी मुरमांवर आणि पाळीआधीच्या चिडचिडीवर सरसकट चालते असा समज होत होता आणि धोके झाकले जात होते. पुढे २००९ मध्ये कंपनीला २ कोटी डॉलर खर्चून दुरुस्तीच्या जाहिराती दाखवाव्या लागल्या. संधिवाताच्या वायॉक्सची गोष्ट तर सगळ्या फार्मासिस्टांना पाठ आहे. १९९९ मध्ये आली, टीव्हीवर धो धो जाहिरात झाली, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीनेच ती मागे घेतली.

पहिल्यांदा ऐका, बघू नका

जाहिरात लागली की खुर्ची फिरवा, किंवा डोळे मिटा. खरंच करून बघा. या जाहिरातींमधलं महत्त्वाचं सगळं आवाजात असतं आणि चित्र तुम्हाला दुसरीकडे नेत असतं. फायदे सांगताना चित्र शांत असतं, माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. धोके सुरू झाले की बाजार, कुत्रा, होडी, नातवंडं, वाढदिवसाचा केक. ड्यूक विद्यापीठातल्या रूथ डे या संशोधिकेने नॅसोनेक्स नावाच्या नाकातल्या फवाऱ्याची जाहिरात तपासली होती. त्यात एक कार्टूनमधली मधमाशी बोलायची. फायदे सांगताना ती बऱ्यापैकी स्थिर असायची, आणि दुष्परिणाम सांगताना पंख फडफडवत इकडून तिकडे हलायची, हे त्यांनी दाखवून दिलं. डोळा हलणाऱ्या गोष्टीमागे जातो, कान मागे राहतो.

आता नियम जरा बरे झालेत. नोव्हेंबर २०२४ पासून टीव्हीवरच्या जाहिरातीत मुख्य धोके आवाजात आणि अक्षरांत एकाच वेळी, सोप्या भाषेत द्यावे लागतात आणि त्या वेळी लक्ष विचलित करणारं चित्र किंवा संगीत ठेवता येत नाही. तरी आमच्या घरी खुर्ची फिरवायची सवय आम्ही सोडलेली नाही.

दुसऱ्यांदा लागेल तेव्हा वही घ्या. ती लागतेच, त्याच बातम्यांत पुन्हा. आता तीनच गोष्टी टिपा. हे कोणाला आहे, कोणी घेऊ नये, आणि कशासोबत घेऊ नये.

'कोणाला आहे' हे वाक्य अक्षरशः उतरवा, त्यातला एकही शब्द सोडू नका. "टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांना, आहार आणि व्यायामाच्या जोडीने" असं असेल तर तसंच लिहा. बाबांनी फक्त 'हृदयाला चांगली' एवढंच लिहिलं होतं. मूळ वाक्यात ते मधुमेह आणि आधीपासून हृदयविकार असं दोन्ही असलेल्या लोकांबद्दल होतं. बाबांना हृदयविकार नाही.

काही जाहिरातींत औषधाचं नाव असतं पण ते कशासाठी ते सांगत नाहीत. त्यांना धोके सांगण्याची सक्ती नसते. काहींत उलटं, नुसता आजार सांगतात आणि डॉक्टरांशी बोला म्हणतात, औषधाचं नावच घेत नाहीत. हा दुसरा प्रकार आपल्याकडेही चालतो, 'जनजागृती' म्हणून. तेव्हा खाली बारीक अक्षरात कुठल्या कंपनीचं नाव आहे ते वाचा, आणि ती कंपनी त्या आजारावर काय विकते ते शोधा.

गोळ्यांची कुळं लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. आमच्या घरचा प्रसंग इथेच टळला असता.

औषधाला तीन नावं असतात. पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात खरं नाव. आणि तिसरं, त्याचं कूळ, जे पट्टीवर छापलेलंच नसतं. जाहिरात धोका सांगताना बऱ्याचदा कुळाचं नाव घेते, आणि आपल्याला माहीत असतं कंपनीचं. आपण म्हणतो 'ती पांढरी साखरेची गोळी', जाहिरात म्हणते सल्फोनिलयुरिया, आणि दोघांची गाठच पडत नाही.

एक मोठा कागद घ्या, तीन रकाने आखा. आमच्या आईबाबांच्या कागदावर असं आहे. ग्लायकोमेट, खरं नाव मेटफॉर्मिन, कूळ बायग्वानाइड. अमॅरिल, ग्लिमेपिराइड, सल्फोनिलयुरिया. टेल्मा, टेल्मिसार्टन, एआरबी हे रक्तदाबाच्या गोळ्यांचं कूळ. एकोस्प्रिन, अ‍ॅस्पिरिन, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, आणि ती वेदनाशामकांच्याही कुळातली. आईची थायरोनॉर्म, लेव्होथायरॉक्सिन, थायरॉइडचं संप्रेरक. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि तेच इथे अ‍ॅसिटामिनोफेन नावाने टायलेनॉलच्या डबीत असतं. क्रोसिन घेऊन वर टायलेनॉल घेणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. दोन वेगळी औषधं समजून एकच औषध दुप्पट घेतात.

भारतातल्या जोडगोळ्यांकडे खास लक्ष द्या. एका गोळीत दोन, कधी तीन औषधं असतात, आणि नावापुढे जीपी, एएम, एच अशी अक्षरं असतात. प्रत्येक औषधाची वेगळी ओळ करा. कारल्या-जांभळाचा रस, मेथीची पूड, वैद्यांचं चूर्ण, तेही लिहा. साखर कमी करणारं काहीही त्या कागदावर हवं. आणि उपवासांची एक ओळ ठेवाच. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. इथले डॉक्टर उपवासाचं स्वतःहून विचारत नाहीत. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या खऱ्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्यांच्या माहितीपत्रकात खाणं फार कमी झालं तर रक्तात कीटोन वाढून आम्ल साचण्याचा इशारा असतो. त्यात साखर फार वाढलेली दिसतही नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप असं दिसलं तर साखर ठीक आहे म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा. आणि उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही हे स्वतः ठरवू नका, आधीच विचारून ठेवा.

हा कागद फ्रिजवर लावा, एक फोटो फोनमध्ये ठेवा. कुणी कूळ सांगेना तर जवळच्या कुठल्याही फार्मसीत कागद घेऊन जा. आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

टक्क्यांना भुलू नका

'३६ टक्के कमी धोका' असा आकडा आला की लगेच पुढचा प्रश्न विचारा: किती मधले किती? लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या गोळीची एक जाहिरात फार गाजली होती. कृत्रिम हृदय बनवणारे रॉबर्ट जार्विक त्यात होते. होडी वल्हवताना दिसायचे, तो माणूस खरं तर दुसराच होता. जार्विक यांच्याकडे वैद्यकीय व्यवसायाचा परवाना नाही हेही बाहेर आलं, आणि २००८ मध्ये कंपनीने ती जाहिरात काढली. लोकांना आठवते ती होडी. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच औषधाच्या छापील जाहिरातीतलं बारीक अक्षर. वर मोठ्ठं लिहिलेलं, हृदयविकाराचा झटका ३६ टक्क्यांनी कमी. खाली बारीक: मोठ्या अभ्यासात औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना झटका आला, लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना.

म्हणजे शंभर जणांनी काही वर्षं रोज गोळी घेतली तर त्यातला एक जण वाचला. दोघांना घेऊनही झटका आला, आणि सत्त्याण्णव जणांना न घेताही आला नसता. गोळी वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याला आधी झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी हिशेब वेगळा, फायदा पुष्कळ मोठा, आणि स्टॅटिन, म्हणजे लिपिटॉरच्याच कुळातली गोळी, मी बाबांना स्वतः हातात देते. पण 'छत्तीस टक्के' ऐकून मनात जे चित्र उभं राहतं ते शंभरातल्या एकाचं नसतं. वहीत नेहमी शंभर माणसं मांडा आणि मग मोजा.

माहितीपत्रक उघडा

डेलीमेड नावाची अमेरिकी सरकारची वेबसाइट आहे, फुकट. तिथे औषधाचं नाव घातलं की पूर्ण माहितीपत्रक मिळतं. सगळं वाचायला जाऊ नका, थकाल. सगळ्यात वर चौकटीतला इशारा आहे का ते बघा. चौकट असेल तर तो एफडीएचा सर्वांत कडक इशारा. मग कलम ४, कोणी घेऊ नये. कलम ७, कशाशी पटत नाही. इथे तुमचा तीन रकान्यांचा कागद शेजारी धरा. कलम ८ मध्ये ज्येष्ठांसाठीची टीप असते. आणि कलम १४ मध्ये ते 'किती मधले किती' सापडतं. मुलांनो, हे काम तुमचं. आईबाबांना लिंक पाठवून मोकळे होऊ नका, शेजारी बसा, अर्धा तास लागतो.

डॉक्टरांकडे नाव घेऊन जाऊ नका, त्रास घेऊन जा

जाहिरातीच्या शेवटी 'तुमच्या डॉक्टरांना विचारा' येतंच. त्याचा किती परिणाम होतो यावर २००५ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिनय शिकवलेल्या स्त्रिया रुग्ण बनून १५२ डॉक्टरांकडे गेल्या. काहींनी खऱ्या नैराश्याची लक्षणं सांगितली, काहींनी फक्त नोकरीतल्या बदलाने आलेला थोड्या दिवसांचा ताण. ताण सांगणाऱ्यांनी औषधाचं नावच काढलं नाही तेव्हा दहा टक्के भेटींत नैराश्यावरची गोळी मिळाली. टीव्हीवर पाहिलेल्या पॅक्सिलचं नाव घेतलं तेव्हा पंचावन्न टक्के भेटींत. डॉक्टर चांगलेच होते, पण रुग्ण नाव घेऊन आला की नाही म्हणायला वेळ लागतो, आणि इथे एका रुग्णाला पंधरा-वीस मिनिटं असतात.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. ज्यांनी खऱ्या नैराश्याची लक्षणं सांगितली त्यांनी कुठलंही नाव न घेता 'औषधाने मला बरं वाटेल का' असं विचारलं, तेव्हा शहात्तर टक्के भेटींत औषध मिळालं, आणि गप्प राहिलेल्यांना एकतीस टक्केच. तेव्हा आई, बाबा, विचारायला संकोचू नका. असं विचारा: "माझी तीन महिन्यांची साखर अमुक आहे. या गोळ्या चालू आहेत. अजून काही करायची गरज आहे का? असल्यास काय काय पर्याय आहेत, आणि काहीच बदललं नाही तर काय होईल?" तीन रकान्यांचा कागद टेबलावर ठेवा. नवं औषध लिहून दिलं तर शेवटी एवढं विचारा, "यातल्या कुठल्या गोळीशी याचं पटत नाही?"

नमुन्याच्या गोळ्यांबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. डॉक्टरांनी चांगल्या मनाने दिल्या तरी त्या फार्मसीच्या कॉम्प्युटरमधून गेलेल्या नसतात. चिठ्ठी आमच्याकडे आली की दोन औषधांची टक्कर होत असेल तर पडद्यावर लाल इशारा येतो. पाकीट थेट हातात पडलं की तो इशारा कुणालाच दिसत नाही. पहिली गोळी घेण्याआधी पाकीट आणि कागद घेऊन फार्मसीत या.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीतलं 'महिन्याला फक्त १० डॉलर' हे कूपन खासगी विमा असलेल्यांसाठी असतं, मेडिकेअर किंवा मेडिकेड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा किंवा कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा, असणाऱ्यांना ते चालत नाही. पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजारांचं औषध सहसा धरत नाहीत. खरी किंमत जाहिरातीत सांगावीच लागेल असा नियम २०१९ मध्ये आला होता, तो लागू व्हायच्या आतच कोर्टाने रद्द केला. रक्त पातळ ठेवणाऱ्या एलिक्विसची महिन्याची छापील किंमत ५२१ डॉलर होती. मेडिकेअरने घासाघीस करून जानेवारी २०२६ पासून ती २३१ वर आणली, तेही मेडिकेअरवाल्यांसाठीच. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला इथे सुरू केलेली महागडी गोळी परत गेल्यावर कुठल्या नावाने, केवढ्याला मिळणार, हे आपल्या गावच्या डॉक्टरांना फोन करून आधीच विचारा.

आणि काही बिघडलंच तर कळवा. औषधाच्या त्रासाची नोंद एफडीएच्या मेडवॉचकडे होते, फोन १-८००-३३२-१०८८. ती रुग्णाला, नातेवाइकाला, कुणालाही करता येते, आणि औषधानेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही. भारतात असाल तर सरकारी औषध-सुरक्षा केंद्रांकडे अशीच नोंद होते, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. बाबांच्या त्या एकादशीचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी स्वतः भरला. वय, सगळ्या गोळ्यांची खरी नावं, मात्रा, साखरेचा आकडा, वेळ. उपवासासाठी त्यात वेगळा रकाना नव्हता, म्हणून खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं. बाबा शेजारी वही घेऊन बसले होते, मी विचारत होते आणि ते वाचून सांगत होते. राजगिऱ्याचा लाडू किती वाजता खाल्ला, तेही त्यांनी लिहून ठेवलेलं होतं.